सरळ पोहायला शिकताना

नगरच्या तरणतलावात पहिल्याच दिवशी रेश्मा एका मुलावर जाऊन आदळली. तिचा हात त्याच्या कानावर, त्याच्या नाकातोंडात पाणी… दोघं खोकत काठाला लागले.

"सरळ पोहता येत न्हाई का?"

"गोल विहीर हाय आमची," ती म्हणाली. "सरळ गेलं की कपारीत डोकं."

तो हसला, अगदी मोकळं. शेवगावचा कानिफ, तिच्याच कॉलेजात एक वर्ष पुढे.

नेवाशाजवळच्या मळ्यातल्या विहिरीत गोल गोल फिरून रेश्माला डावीकडेच वळायची खोड लागली होती. श्वासही डावीकडेच. आणि चारशे मीटरच्या शर्यतीत ती सुरुवातीला वारा, शेवटी दगड. विद्यापीठाच्या संघात आलीस तर पोहणं चालू, नाहीतर बंद — वडिलांनी, तिच्या दादांनी, सांगूनच टाकलेलं.

मग कानिफ शिकवू लागला. मान खाली, नजर तळाच्या पट्टीवर, श्वास दोन्ही बाजूंनी. तिचा वेग आवरायला तो काठानं एका चालीत चालायचा, तिनं त्याच्या बरोबरीनं पोहायचं. जाताना तो उजवीकडे असे. उजवीकडचा श्वास तिला फारच लवकर जमला. कॉलेजच्या पोहण्याच्या सरांनाही नवल वाटलं.

निवडीच्या दिवशी काठावर कुणाला फिरकू देत नव्हते. कानिफ वर पायऱ्यांवर बसलेला. पहिल्या शंभरात सगळ्याजणी पुढं निघून गेल्या. तरी रेश्मानं हातांना घाई करू दिली नाही. लांब, संथ… एका लयीत. शेवटच्या शंभरात तिनं सगळी ताकद लावली, तशी एकेकजण मागे पडत गेली. ती दुसरी आली. घेणार होते दोघींनाच.

ओल्या हातानंच तिनं दादांना फोन लावला. दादा म्हणाले, आता पोहायचा चष्मा चांगला घे.

कानिफ टॉवेल घेऊन उभा होता.

"आता तुला माझी गरज न्हाई," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"पोहायला न्हाई."

तो कोरडाच टॉवेल पिळत राहिला. मग हळूच — "नेवाशाची गाडी कितीला हाय?"

"सहाला." रेश्मानं टॉवेल त्याच्या हातातून सोडवून घेतला, केस पुसू लागली… "सातला बी हाय. आन् आठला बी."