समरूप भरपाई

"उभं राहायचं मनात आणा," डॉ. फिरदौस काझी म्हणाल्या. "पायांना काही सांगू नका. नुसतं मनात आणा."

मैत्रेयी खोब्रागडेनं दोन्ही बाजूंच्या दांड्या घट्ट धरल्या. नागपुरातल्या त्या प्रयोगशाळेत काचेच्या भिंतीपलीकडे पलंगावर एक माणूस डोळे मिटून पडला होता. डोक्यावर संवेदकांची टोपी, कमरेखाली पांढरी चादर. निरंजन बोबडे त्याचं नाव. वर्षभरापूर्वी त्यानं दारूच्या नशेत गाडी चालवून तिला उडवलं होतं, आणि तेव्हापासून कमरेखालचं शरीर तिचं राहिलं नव्हतं.

तिनं मनात आणलं. गुडघे ताठ झाले, चाकांची खुर्ची मागे सरकली. ती उभी होती. खाली जमीन आहे हे फक्त डोळ्यांना कळत होतं. तळव्यांना काहीच लागत नव्हतं. मग उजवा पाय उचलला गेला आणि पुढे पडला. टाच आधी आपटली, पंजा बाहेरच्या बाजूला फाकला. डावाही तसाच.

"हे माझं चालणं नाही," ती म्हणाली.

"नाही. त्यांचं आहे."

दारात उभी असलेली तिची आई पदर तोंडाला लावून रडू लागली. मैत्रेयीला मात्र ती परकी पावलं नकोशी झाली. चार पावलं टाकून ती खुर्चीत बसली.

ती नवेगावच्या जंगलात वनरक्षक होती. त्या दिवशी संध्याकाळी चितळांचा कळप रस्ता ओलांडत होता, म्हणून ती हात वर करून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पुढच्या गाड्या थांबल्या. त्यांना वळसा घालून आलेली एक थांबली नाही. निरंजन गोंदियाला मित्राच्या वास्तुशांतीला जाऊन परतत होता. नशेतल्या माणसाला गाडी चालवू न देणारी यंत्रणा त्याच्या गाडीत होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं बंद केली होती.

विमा कंपनी पैसे द्यायला तयार होती. मैत्रेयीनं ते नाकारलं आणि समरूप भरपाईच्या नव्या कायद्याखाली दावा लावला. जे गेलं तेच परत मिळवून देणं विज्ञानाला शक्य असेल, तर ज्याच्यामुळे गेलं त्याच्याकडून तेच घ्यावं, असा तो कायदा.

"मज्जारज्जू तुटला म्हणजे नेमकं काय तुटलं?" न्यायाधीशांनी पहिल्याच सुनावणीत विचारलं होतं.

"मेंदू आणि पाय यांच्यामधली तार," डॉ. काझी म्हणाल्या. "पाय शाबूत आहेत. मज्जारज्जूच्या खालच्या भागात चालण्याचं एक छोटं केंद्र असतं, तेही शाबूत आहे, पण झोपलंय. वरून दोन वर्षं, दिवसाचे दहा तास चालण्याचे आदेश येत राहिले तर ते हळूहळू जागं होतं. मग तुटण्यातून वाचलेल्या चार-दोन तंतूंवरही भागतं. माणूस आपला आपण चालू लागतो."

"हे आदेश यंत्र पाठवू शकत नाही?"

"पाठवून पाहिले. यंत्राला चढ, खड्डा, निसरडं काही कळत नाही, आणि केंद्र जागं होत नाही. जिवंत मेंदूच लागतो. आम्ही याला गतिदान म्हणतो. कुठे आणि कधी चालायचं ते मैत्रेयी ठरवणार; पाऊल कसं टाकायचं ते दात्याचा मेंदू. दोघांमध्ये चेतासेतू हे यंत्र. त्या वेळात दात्याचे स्वतःचे पाय बंद ठेवावे लागतात."

निरंजनच्या बाजूनं आलेले मेंदूतज्ज्ञ डॉ. पराडकर सावकाश उठले. "एक सांगायचं राहिलं. पायाखाली काय आहे ते कळल्याशिवाय मेंदूला तोल सांभाळता येत नाही. म्हणजे या मुलीच्या तळव्यांना लागेल ते सगळं बोबडेंच्या मेंदूत जाणार. दिवसाचे दहा तास त्याचे पाय म्हणजे हिचे पाय. मेंदू जे वापरतो ते जपतो. जे वापरत नाही, त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. दोन वर्षांनी त्याच्या मेंदूत त्याच्या स्वतःच्या पायांना जागा उरेल का?"

"संध्याकाळी ते स्वतःच्या पायांवर असतील. आमच्या अंदाजानं तेवढं पुरेल."

"अंदाजानं," असं म्हणून पराडकर खाली बसले.

न्यायाधीशांनी निरंजनकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेला, फरशांचं दुकान असलेला तो जाडजूड माणूस खाली बघूनच म्हणाला, "कबूल आहे, साहेब." मैत्रेयीला वाटलं, फार स्वस्तात सुटला. नुसतं गादीवर पडून तर राहायचंय.

चेतासेतूचा पट्टा कमरेला बांधून ती जंगलात कामावर रुजू झाली. सोबतचे वनरक्षक तिची आपटत जाणारी पावलं ऐकून आधी दचकायचे, मग त्यांना सवय झाली. एका दुपारी ती नाल्याच्या काठानं जात असताना कानातलं यंत्र वाजलं.

"मॅडम, बोबडे बोलतोय. थांबा जरा. डाव्या टाचेत काटा गेलाय."

ती दगडावर बसली. बाभळीचा काटा बुटाचा तळ भेदून टाचेत घुसला होता, मोजा रक्तानं भिजला होता. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"तुम्हाला दुखलं?" तिनं विचारलं.

"हो. खूप."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिनं बोलणं तोडलं.

त्यानंतरही तो कानातल्या यंत्रावर बोलत राहिला. बूट चावतोय, अंगठ्याला फोड आलाय, एवढंच सांगायला. एकदा मात्र म्हणाला, "आज पाण्यातून गेलात ना? बुटात शिरलं. फार गार होतं, मॅडम." तिनं पुन्हा बोलणं तोडलं. पण पुढे कधीतरी तिच्या लक्षात आलं की धारदार खडीची वाट आली की आपण वळसा घालून जातोय. तिला स्वतःचाच राग आला, आणि तरी ती वळसा घालत राहिली.

दुसऱ्या वर्षी, सेतू बंद असताना एका संध्याकाळी तिच्या पायाचा अंगठा हलला. मग घोटा. घरात दांडी धरून ती दोन पावलं टाकू लागली. हलकी, पंज्यावर पडणारी, तिची स्वतःची पावलं. आईनं शेजारपाजारी पेढे वाटले.

त्याच महिन्यात डॉ. काझींनी तिला नागपूरला बोलावलं. खोलीत पराडकरही होते. त्यांनी पडद्यावर निरंजनच्या मेंदूचं चित्र लावलं.

"हे बघा. बोबडेंच्या पायाला सुई टोचली, काहीही उजळलं नाही. सेतूतून तुमच्या तळव्याला पिसानं स्पर्श केला, तर ही सगळी जागा उजळली. सहा महिन्यांपासून ते घरात भिंती धरून चालत होते. आता तेही जमत नाही. बायकोलाही त्यांनी बोलू दिलं नाही."

 डॉ. काझींचा अंदाज चुकला होता.

मैत्रेयी काचेपलीकडच्या खोलीत गेली. इतक्या दिवसांत ती प्रथमच त्याच्या पलंगाजवळ उभी राहिली होती.

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर यांनी बंद केलं असतं ना, मॅडम. तुमचा अंगठा हलायचा राहिला असता." तो पुढे म्हणाला, "आणि खरं सांगू का, माझे पाय गेले असं मला वाटतच नव्हतं. दिवसभर जंगलात असायचो ना मी."

"आता बंद केलं तर?" तिनं वळून विचारलं.

"तुमचं केंद्र अर्धवट जागं झालंय, ते पुन्हा झोपी जाईल," डॉ. काझी म्हणाल्या. "आणि त्यांची गेलेली जागा काही परत येणार नाही. दोघंही बसाल."

म्हणून ती चालत राहिली. त्या शेवटच्या महिन्यांत प्रत्येक पाऊल पडताना तिला ठाऊक होतं की ते कुणाच्या तरी अंगातून निघून येतंय. पुढे सेतू सुटला. ती चालू लागली. तळव्यांची जाणीव मात्र परत आली नाही. वाचलेल्या तंतूंना तेवढं ओझं पेलणार नव्हतं. नजर जमिनीवर ठेवून ती चालायची. निरंजन चाकांच्या खुर्चीत बसला.

दुसरी सुनावणी त्याच न्यायाधीशांसमोर झाली. निरंजननं अर्ज करायला साफ नकार दिला होता. आपण त्याला गतिदान द्यावं, असा अर्ज मैत्रेयीनं केला होता.

"दावा जखमी माणसानं लावायचा असतो, बाई," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही तर इथे प्रतिवादी ठरता. दारू पिऊन गाडी यांनी चालवली. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही, साहेब. पण मी चालणं मागितलं होतं. त्यांचे पाय घालवा, असं मी म्हटलं नव्हतं आणि तुम्हीही म्हटलं नव्हतं. ते जास्तीचं माझ्याकडे आलंय."

"मॅडम, राहू द्या," निरंजन खुर्चीतून म्हणाला. "मी तुम्हाला गाडीखाली घातलं."

"ते मी विसरले नाही. हे माफी म्हणून करत नाहीये."

न्यायाधीशांनी पराडकरांना विचारलं, "दाता दुसरा कुणी चालणार नाही?"

"नाही. बोबडेंच्या मेंदूला पाय म्हणून या मुलीचेच पाय माहीत आहेत. परकं चालणं तो ओळखणारच नाही. जगात त्यांना गतिदान देऊ शकणारी एवढी एकच व्यक्ती आहे." पराडकर तिच्याकडे वळले. "पण बेटा, नीट ऐक. दोन वर्षांनी तुझ्याही मेंदूतली तुझ्या पायांची जागा जाईल. अंदाज नाही, आता आम्हाला माहीत आहे. आणि तेव्हा तुझ्यासाठीही एकच दाता असेल."

"हे."

"हे."

 मग न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे या प्रकरणाचा निकाल कधीच लागायचा नाही. चालणं एकच आणि माणसं दोन. मला तुम्हाला सक्ती करता येईल असं वाटत नाही, आणि करणारही नाही. घरी जा, विचार करा."

"केलाय," मैत्रेयी म्हणाली. "दोन वर्षं माझी, दोन त्यांची. कुणीतरी एकानं जन्मभर बसण्यापेक्षा बरं."

पहिल्या दिवशी ती नवेगावच्या सरकारी घरात खाटेवर पडून राहिली. आईनं टोपीचे पट्टे बसवले आणि तिचे पाय मेलेल्यासारखे पडले, तेव्हा तिला खूप भीती वाटली. तिनं आईचा हात धरून ठेवला.

मग तळव्याखाली काहीतरी आलं. गुळगुळीत फरशी. तीन वर्षांत तिच्या पायांना पहिल्यांदाच काही लागलं होतं. नागपुरात निरंजन उभा राहिला होता, अनवाणी. उंबरा लागला. मग अंगणातली माती, तिच्यातले बारीक खडे. फाटकाबाहेरचं डांबर उन्हानं तापलेलं होतं, चटका बसला. पावलं हलकी, पंज्यावर पडत होती. अचानक चालणं थांबलं.

"मॅडम," कानात त्याचा आवाज आला. तो रडत होता. "हे तुमचं चालणं आहे. मला नाही चालवत यावर."

तिनं डोळे मिटले. डांबराचा चटका अजून बसत होता आणि तिला तो हवा होता.

"थांबू नका," ती म्हणाली. "मला जमीन लागतेय."