डाव्या हाताचा वॉल्ट्झ

"ही चाल तुम्ही कुठून उचलली?"

जिन्याच्या वळणावर हा प्रश्न आला, तेव्हा त्याच्या ओठांवरची शीळ अजून पुरती विझली नव्हती. माळ्यावरून काढलेली पुठ्ठ्यांची चळत छातीशी धरून तो उतरत होता, आणि वरच्या मजल्यावर मावशीकडे राहायला आलेली मुलगी त्याची वाट अडवून उभी होती.

"उचलली? म्हणजे… तुमच्याकडूनच," तो गडबडला. "रोज दुपारी तुम्ही पियानोवर वाजवता ना, तीच."

"मी ही वाजवत नाही."

"वाजवता की. मी खालीच असतो. आमच्या शिवणाच्या टेबलाच्या बरोबर वर तुमचा पियानो आहे."

तिने खांद्यावरची शाल बाजूला केली. तिचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मी फक्त डाव्या हाताचा ठेका वाजवते," ती म्हणाली. "उजव्या हाताची चाल मी इथे आल्यापासून या घरात कुणी ऐकलेलीच नाही. तेव्हा तुम्हाला चोर तर म्हणता येत नाही. मग काय म्हणू?"

पुठ्ठे तिथेच टाकून पळून जावे, असे त्याला वाटले. पण ती हसत होती… आणि तिच्या हसण्यातून वाट काढून पळणे त्याला जमण्यासारखे नव्हते.

तो पुस्तकांची बांधणी करणारा. खालच्या मजल्यावर वडिलांबरोबर त्याचे दुकान होते. खळीचा ओलसर वास, कागदाची कातरणे आणि सुईदोरा यांच्या सोबतीने त्याचे दिवस गेले होते, आणि माणसांशी बोलण्याची वेळ आली की त्याच्याजवळचे शब्द ऐनवेळी दडी मारून बसत. गेल्या महिन्यात लाकडी छतातून तो ठेका प्रथम खाली उतरला. धुम्… तक तक. धुम्… तक तक. जाड स्वर तेवढे खाली येतात आणि बारीक स्वर छत गिळून टाकते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, आणि ती गिळलेली चाल तो आपल्या मनाने भरू लागला. त्याची चाल पहिल्या ठोक्यावरच पाय रोवून उभी राही. कुणी दूरच्या प्रवासाहून घरी यावे, तशी आनंदी. त्याची सुईही त्याच तालात चालू लागली होती. एक टोचा, दोन ओढी. त्या नादात शब्दकोशाच्या पानांचा एक अख्खा गठ्ठा त्याने उलटा शिवला.

"शब्दकोश शिवतोयस की नाचतोयस?" वडिलांनी विचारले होते. "'म'पासूनची सगळी अक्षरं डोक्यावर उभी आहेत!"

"वर या," आता ती म्हणाली. "मला ती शीळ ठेक्यावर ऐकायचीय."

वर मावशी मटार सोलत बसली होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "तूच होय तो बुलबुल? बस. हिचे हे तीन ठोक्यांचे लहान लहान वॉल्ट्झ मी हिच्या लहानपणापासून ऐकतेय. मला तर दरवेळी वाटतं, कुणीतरी किल्ली हरवून खोलीभर गोल गोल फिरतंय."

"आणि किल्ली सापडते का, मावशी?" भाचीने विचारले.

"सापडते तोवर वाजवणं संपलेलं असतं!"

त्या दुपारी तिने डाव्या हाताने ठेका धरला आणि त्याने शीळ घातली. मधल्या रिकाम्या जागेत दोघांचे श्वास तेवढे होते. त्यानंतर तो रोज वर जाऊ लागला. तिथेच त्याला सारे कळले. गावातल्या नृत्यशाळेत पियानोवादकाची जागा रिकामी होती. प्लास्टर निघाल्यावर जेमतेम दोन आठवड्यांनी परीक्षा होती. मुली नाचणार, आणि हिने एक वॉल्ट्झ वाजवायचा.

"पुढच्या वर्षी दे," मावशी सांगे. "हात जन्मभर वापरायचाय."

"जागा जन्मभर रिकामी राहत नाही, मावशी."

प्लास्टर निघाले. आतून निघालेली बोटे कोऱ्या पुठ्ठ्यासारखी ताठ होती. तिसरे वाकायचे, तर चौथे ऐकायचे नाही. ती ओठ घट्ट मिटून पुन्हा पुन्हा पट्ट्यांवर बोटे ठेवी, आणि पुन्हा पुन्हा स्वर अर्ध्यातच गळून पडत. ते पाहवेना, म्हणून एके दिवशी त्याने धीर केला.

"माझी चाल वाजवा ना. सोपी आहे. तीन बोटांत बसेल."

"खरंच की!" मावशी म्हणाली. "कुणाला कळणारेय?"

"मला कळेल."

ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला यात घरी पोचलेलं माणूस ऐकू येतं. मला दाराशी येऊन थांबलेलं माणूस ऐकू येतं… आत जावं की जाऊ नये, ते ठरत नाही त्याचं. ऐका."

आणि मग तिने अडखळत, स्वर गाळत, ती खरी चाल प्रथमच वाजवली. ती पहिल्या ठोक्यावर आलीच नाही. ठोका पडून गेल्यावर, जणू चोरपावलांनी, उशिराने आली. वर चढली, वळून पाहिले, परत फिरली. त्याचा चेहरा उतरला. त्याला लपवता आले नाही, आणि तिच्या नजरेतून ते सुटले नाही.

"नाही आवडली."

"तसं नाही… ओळखीची वाटली नाही."

"त्याचीच भीती वाटते मला." तिने बोटे मिटली. "इतके दिवस तुम्ही अर्धंच ऐकलंत. उरलेलं तुमच्या मनाचं. चालीचं जसं झालं, तसंच माझंही झालं असलं तर?"

त्याचे शब्द नेहमीप्रमाणे दडी मारून बसले.

"परीक्षेला या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पूर्ण ऐका. मग सांगा."

त्या दिवसापासून तो वर गेला नाही, आणि त्याने शीळही घातली नाही. ऐकायचे, तर मिटल्या तोंडाने ऐकायचे, असे त्याने मनाशी पक्के केले. छताने कधी काही गिळलेच नव्हते. उजव्या हाताचा स्वर न् स्वर आता स्वच्छ खाली येत होता. मध्यानंतर एक चढण होती. तिथे ती रोज पडे, आणि रोज पायथ्यापासून उठे. पडण्याचा तिला कंटाळा येत नसे. सुरुवातीला तो आपली चाल शोधत राही, ती सापडत नसे. मग हळूहळू शोधणे थांबले. चढण आली की आपली सुई हवेतच थबकते, आणि चाल वर पोचल्याखेरीज दोरा ओढवत नाही, हे एके दुपारी त्याच्या ध्यानात आले.

वडिलांच्याही ते ध्यानात आले असावे. "असा शिवत राहिलास," ते चष्मा पुसत म्हणाले, "तर हे पुस्तक तिचा हात बरा झाल्यावरच पुरं होणार."

नृत्यशाळेच्या दालनात एका भिंतीभर आरसा होता. पियानो कोपऱ्यात, मुली मधोमध, आणि नृत्यशाळेच्या मोठ्या बाई खुर्चीत ताठ बसलेल्या. तो दाराशी उभा राहिला. तिने एकदाही वळून पाहिले नाही.

धुम्… तक तक. चाल उशिराने आली, दाराशी थांबली, आणि मुली तिच्यासवे झुलू लागल्या. चढण आली. ती चढली. शेवटच्या पायरीवर चौथे बोट निखळल्यासारखे लुळे पडले, आणि उजवा हात पट्ट्यांवरून उचलला गेला.

दालनात एकटा ठेका उरला. धुम्… तक तक.

त्याचे ओठ आपोआप पुढे आले. त्या पोकळीत काय बसेल, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. एक बारीक शीळ… आणि सारे सावरले असते. त्याने दातांखाली ओठ धरला. मुठी वळल्या. तो थांबला, आणि डावा हात चालतच राहिला, पाऊल न चुकवता. मुलींच्या गिरक्यांत कुठेही खंड पडला नाही. मग उजवा हात हळूच खाली आला आणि अगदी पहिल्या स्वरापासून, उशिराने, पुन्हा चालू लागला. या खेपेस तो चढणीच्या माथ्यावर पोचला.

"उजवा हात कुठे गेला होता?" मोठ्या बाईंनी विचारले.

"दमला होता, बाई."

"हं. डाव्याने मुलींना पडू दिलं नाही." त्या उठल्या. "सोमवारपासून या. येताना उजव्यालाही घेऊन या."

बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. पायऱ्यांवर ती त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"शीळ का नाही घातलीत?" तिने विचारले. "आरशात दिसत होतात मला. ओठ अगदी तयार होते."

"तिथे तू यायची होतीस."

'तू' तोंडून निघून गेला होता. तो परत घेणे शक्य नव्हते, आणि त्याला घ्यायचाही नव्हता.

"ती आधीची चाल माझी होती," तो म्हणाला. आज शब्द एकामागून एक, मुकाट, बाहेर येत होते. "चांगली होती. पण मला आता ती नको. मला ही हवी. उशिरा येणारी, दाराशी घुटमळणारी… मधेच पडणारीसुद्धा. अख्खी ऐकली मी. आणि… चालीबद्दलच बोलतोय असं समजू नकोस."

तिच्या पापण्यांवर पावसाचे बारीक कण बसले होते.

"आणि ती दाराशीच थांबून राहिली तर?"

"मी खालीच असतो."

ती हसली. मग तिने उजवा हात पुढे केला — तोच, अजून ताठर, अजून नीट न मिटणारा. त्याने तो घेतला, कच्च्या शिवणीचे पुस्तक घ्यावे तसा, दोन्ही तळव्यांत.

भिजत्या रस्त्याने चालताना त्याने तिची चाल शिळेवर घेतली. पहिला ठोका जाऊ दिला, मग निघाला. चढणीपर्यंत नीट आला… आणि माथ्यावर घसरला.

"चुकलास," ती म्हणाली. तिची बोटे त्याच्या बोटांत हळूच वाकली. "पुन्हा."