निद्रासुराला काय जमत नाही

"तलवारीने मरत नाही," धाकट्याने वहीत लिहून घेतलं. "आणि आगीने?"

"आगीने कसला मरतोय? मी आलो की आगच विझते," चहाचा घोट घेत निद्रासुर म्हणाला.

मेकअपच्या खोलीत आरशासमोर तो बसला होता, पण निम्माच. गळ्याखाली काळं चिलखत आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट. वर मात्र टक्कल पडलेला, पन्नाशीचा, डोळ्यांखाली पिशव्या आलेला एक साधा नट. निद्रासुराचं शिंगांचं डोकं शेजारच्या खुर्चीवर ठेवलेलं होतं, आणि त्याच्या उघड्या जबड्यात नटकाकांनी आपला चष्मा सांभाळायला दिला होता.

थोरली दाराशी उभी होती. सुट्टीत मामाकडे आल्यापासून तिच्या आठ वर्षांच्या भावाला या राक्षसाने पछाडलं होतं. मामा ज्या नाटकगृहात कामाला होता तिथे रोज दुपारी मुलांचं नाटक चालायचं. दुसऱ्या अंकात निद्रासुर पांढऱ्या धुरासकट जमिनीतून वर यायचा. त्याचा धूर अंगावर आला की अख्खं नगर झोपी जायचं, शस्त्रं बोथट व्हायची, मशाली विझायच्या. शेवटी राजकन्या मोठी घंटा वाजवायची आणि तो पुन्हा जमिनीत गडप व्हायचा. धाकट्याने वहीच्या डाव्या पानावर 'काय जमतं' लिहिलं होतं आणि उजव्या पानावर 'काय जमत नाही'. डावं पान भरत आलं होतं. उजवं कोरं होतं.

"काहीतरी जमत नसेलच ना?" धाकटा हटून बसला.

नटकाकांनी आवाज खाली आणला. "कोणाला सांगू नकोस. मला खाली बघता येत नाही. या डोक्यातून फक्त समोरचं दिसतं. आणि पायऱ्या चढता येत नाहीत. तुझा मामा खाली चाक फिरवतो तेव्हा मी वर येतो, आणि तोच फिरवतो तेव्हा मी मरतो. तो नसेल तर मला ना येता येतं, ना मरता येतं." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

कारण निद्रासुर गेल्या आठवड्यात दोनदा मेलाच नव्हता. राजकन्येने घंटा बडवली, पुन्हा बडवली, पण राक्षस आपला चाकाने वरखाली होणाऱ्या फळीवर ताठ उभा. प्रेक्षकांतली पोरं आधी हसली, मग शिट्ट्या वाजवायला लागली, आणि शेवटी पडदा पाडावा लागला. दुसऱ्या वेळी मामाला हाक मारायला मॅनेजरांनी थोरलीलाच पिटाळलं होतं. तिने रंगमंचाखालच्या खड्ड्याचं दार उघडून वरूनच पाहिलं. खाली पांढरा धूर, आणि चाकाला डोकं टेकून बसलेला मामा. मॅनेजर मागून आले नि त्यांनी विचारलं, "झोपलाय ना?" थोरली म्हणाली, "हो."

त्या एका 'हो'ने सगळा घोळ झाला. मामाला बाहेर आणून तोंडावर पाणी मारलं, तर त्याला उलटी झाली. डोकं फुटतंय म्हणाला. मॅनेजरांनी सगळ्यांच्या देखत त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास कसलाच नव्हता, तरी पुढे दोन दिवस विंगेत कुजबुज चालू राहिली. वीस वर्षांत ज्याचं चाक एकदाही चुकलं नव्हतं त्याला मॅनेजरांनी बजावलं, की पुन्हा असं झालं तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं. घरी मामी पाठ फिरवून डोळे पुसायची. आणि मामा भाचीवर एका शब्दानेही रागावला नाही, याचंच थोरलीला जास्त लागायचं.

नटकाकांशी बोलणं झालं त्या संध्याकाळी गच्चीवर धाकट्याने जाहीर केलं, "मामा आपणहून झोपत नाही. निद्रासुर त्याला झोपवतो."

मामाचा मुलगा बारा वर्षांचा. कुठल्याही गोष्टीचं कारण सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. वडिलांचं ते झाल्यापासून मात्र तो कोणाशी धड बोलत नव्हता. आज तो खेकसला, "गप रे. राक्षस खोटा असतो."

"मग मेणबत्ती कशी विझते?" धाकट्याने वही पुढे केली.

खड्ड्यातला दिवा महिनाभर बंद होता. मामाने तीनदा सांगूनही मॅनेजरांनी कानाडोळा केला होता, म्हणून मामा चाकाजवळ मेणबत्ती लावून बसायचा. धाकट्याने दाराच्या फटीतून पाहून सगळं टिपून ठेवलं होतं. निद्रासुर वर गेला की थोड्या वेळाने मेणबत्ती विझते. वारा नसतो, तरी विझते. मामा पुन्हा काडी ओढतो, तर काडीही पेटत नाही. नाटकगृहातली मांजर एरवी खालच्या पायरीवर निजते, पण धूर आला की ती उठून सहाव्या पायरीवर जाऊन बसते. तालमीला धूर नसतो, आणि तालमीला मामा कधीच झोपत नाही.

मास्तरने वही ओढून घेतली. एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"धूर कशाचा करतात?" त्याने विचारलं.

"त्या बर्फाचा. गरम पाण्यात टाकतात तो."

"तो पाण्याचा बर्फ नाही. ड्राय आइस आहे. त्याचं पाणी होत नाही, कार्बन डायऑक्साइड होतो. हवेपेक्षा जड असतो तो. खड्ड्यात शिरला की तळाला साचून राहतो, वर येतच नाही." मास्तरने वही मिटली. "पूर्वी बर्फाची पेटी विंगेत असायची. धूर दमदार यावा म्हणून मॅनेजरांनी ती खाली नेली. खड्ड्यातला पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी लावली, का तर त्याची घरघर प्रेक्षकांना ऐकू येते. आणि बाबा तळाशी, बुटक्या तिपाईवर."

खालच्या रस्त्यावरचे दिवे एकेक लागत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मॅनेजरांच्या खोलीत गेले. मॅनेजर फोनवर होते. त्यांनी अर्धंच ऐकलं, बर्फाने माणूस झोपतो हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय म्हणाले, आणि आजचा खेळ हाऊसफुल्ल आहे, मधे मधे लुडबूड करू नका, असं सांगून त्यांनी दार दाखवलं. मामानेही धड मनावर घेतलं नाही. चाक तळाशी आहे, मी वर बसून काय करू, एवढंच तो म्हणाला. पण मास्तरचं तोंड बघून त्याने एक कबूल केलं. पोरांनी पायऱ्यांवर मेणबत्त्या लावाव्यात आणि दार किलकिलं ठेवून पाहावं. चौथ्या पायरीवरची विझली तर हाक मारायची. तो लगेच वर येईल.

खड्ड्याला नऊ पायऱ्या होत्या. मास्तरने खालून दुसरीवर, चौथीवर आणि सहावीवर एकेक मेणबत्ती लावली. मामाची चाकाजवळ होतीच. दुसरा अंक सुरू झाला, ढोल वाजले, मामाने चाक फिरवलं आणि निद्रासुर वर गेला. फळी वरच्या भोकात घट्ट बसली. खाली उरला मामा, आणि धूर.

आणि तेव्हा थोरलीला दिसलं, की आज पेट्या दोन आहेत. हाऊसफुल्ल म्हणून मॅनेजरांनी दुप्पट बर्फ ओतायला लावला होता.

मामाची मेणबत्ती आधी विझली. मग दुसऱ्या पायरीवरची ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि गेली. फुंकर नाही, आवाज नाही. मांजर उठली, पण आज ती सहाव्या पायरीवर थांबली नाही. थेट मुलांच्या पायांतून बाहेर पळाली. पाठोपाठ चौथ्या पायरीवरचीही विझली.

"बाबा, वर या," मास्तर ओरडला.

मामा उठला. दोन पावलं टाकली. मग भिंतीला हात लावून, दमलेला माणूस बसतो तसा सावकाश खाली बसला आणि धुरात दिसेनासा झाला.

मास्तरने आत झेप घेतली. थोरलीने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. तो तिला लाथा मारत होता, रडत होता, पण तिने सोडलं नाही. "तू गेलास तर दोघं जाल," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "त्या धुराला वर चढता येत नाही आणि वारा सोसत नाही. मी पंखा लावते. तू दार सताड उघड आणि इथूनच हाका मारत राहा. खाली पाऊल टाकू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

त्याने मान हलवली आणि ती धावली. धाकटा कुठे गेला हे बघायला तिला वेळ नव्हता.

पंख्याचं बटण विंगेत होतं, आणि त्याच्या पुढ्यातच मॅनेजर हाताची घडी घालून खेळ बघत होते. तिने चिकटपट्टी ओढली तशी त्यांनी तिचं मनगट पकडलं. खेळ चालू आहे, अक्कल आहे का, असं काहीतरी ते दातओठ खात पुटपुटत होते. मामा मरतोय हे ती सांगत होती, पण ढोलांच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. एकेक क्षण जात होता आणि मनगट सुटत नव्हतं.

तेवढ्यात मॅनेजरांच्या खांद्यावरून तिला रंगमंच दिसला. झगझगीत उजेडात, नगरातल्या झोपलेल्या लोकांच्या अंगावरून पाय टाकत धाकटा चालला होता. चड्डीतला, हातात वही घेतलेला. प्रेक्षक हसले. त्यांना वाटलं, हेही नाटकातच आहे. तो निद्रासुरापर्यंत गेला, पण निद्रासुराला तो दिसेना. खाली बघता येत नव्हतं ना. धाकट्याला ते ठाऊक होतं. त्याने शेजारचं लाकडी सिंहासन गाठलं, त्यावर चढला, आणि राक्षसाच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन म्हणाला, "काका, मामा खाली पडलाय. खरंच पडलाय. त्याला सोडा."

ढोलवाला गोंधळून थांबला होता. शेवटच्या रांगेपर्यंत ते शब्द ऐकू गेले.

निद्रासुराने दोन्ही हातांनी आपलं डोकं उपटून बाजूला ठेवलं. आतून टक्कल पडलेला, घामाने निथळणारा माणूस निघाला आणि ओरडला, "पडदा पाडा, खाली माणूस आहे." मॅनेजरांचा हात आपोआप सैल झाला. थोरलीने बटण दाबलं. जमिनीखालून घरघर सुरू झाली. तेवढा चांगला आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

नटकाकांनी चिलखत फेकलं. कमरेला दोर बांधून, दोर वर दोघा कामगारांच्या हाती देऊन, पंखा चांगला चालल्यावरच ते श्वास रोखून उतरले. मामाला ओढून आणलं तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे झाले होते. मास्तर तेव्हाही "बाबा, वर या" असंच म्हणत होता. त्याला थांबताच येत नव्हतं.

मामा वाचला. दोन मिनिटं उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. निद्रासुराचं नाटक बंद झालं. नाटकगृहाच्या मालकीणबाई स्वतः घरी आल्या. त्यांनी धाकट्याची वही पहिल्या पानापासून वाचली आणि मॅनेजरांना मामीची माफी मागायला लावली. तिघांच्या पाठीवर हात फिरवत त्या म्हणाल्या, की एवढी मोठी माणसं त्या खड्ड्यावरून ये-जा करत होती, पण बघितलं फक्त या पोरांनी. मॅनेजर मान खाली घालून उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती.

मामाला विंगेतलं काम मिळालं. पण त्याचे हात अजून थरथरायचे आणि बोलता बोलता शब्द हरवायचा. सुट्टी संपायला दोन दिवस राहिले तेव्हा थोरलीने एकदाचं मन घट्ट केलं.

"मामा, तू झोपलायस असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मामा खिडकीशी बसला होता. तो म्हणाला, "मलाही तसंच वाटायचं गं. वाटायचं, मीच निकामी झालोय. निघताना रोज स्वतःला चिमटे काढून निघायचो."

त्याने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. ती पोटभर रडली.

नंतर तिने वही मागून घेतली. उजव्या पानावर आता बरंच लिहिलेलं होतं: पायऱ्या चढता येत नाहीत, खाली बघता येत नाही, वारा सोसत नाही. तिने डाव्या पानावर एक ओळ वाढवली: ज्याला झोपवतो, त्यालाच आपली चूक आहे असं वाटायला लावतो. धाकट्याने ती वाचली आणि हे सगळ्यात वाईट आहे म्हणाला.

संध्याकाळी मामाची मान खुर्चीतच एका बाजूला कलली. क्षणात तिघंही उठले. धाकट्याने दार उघडलं, थोरलीने खिडकी, आणि मास्तर वडिलांच्या नाकाशी हात धरून उभा राहिला.

मामाने एक डोळा उघडला. "नुसती झोप आहे रे," तो म्हणाला. "साधी झोप."

तिघांनी मान हलवली. पण मामा जागा होईपर्यंत त्यांच्यापैकी कोणीही तिथून हललं नाही.