भर दुपारी विचारलं, उजाडलं का?

खोटं वाटलं तर गोरेगावात जाऊन विचारा. मागच्या पितृपक्षातली गोष्ट. सप्तमीची भर दुपार.

संपतराव त्याआधी काही महिन्यांपूर्वी गेले, ते पहाटेच्या अंधारात. जाताना त्यांनी बायकोचा, शालूबाईंचा, हात धरून विचारलं होतं, "उजाडलं का?"

बाहेर मिट्ट काळोख होता. तरी त्या म्हणाल्या, "व्हय, उजाडलं."

मग त्यांनी हात सोडला.

आता पित्राचा पहिला घास कोणत्या तिथीला ठेवायचा? तिथी चुकली तर घास पोचत नाही. धाकटे दीर उकंडराव हटून बसले. दिवस सूर्य उगवल्यावर पालटतो, म्हणजे दादा सप्तमीलाच गेला. शालूबाई म्हणत होत्या, अष्टमी. बाईचं ऐकतो कोण?

सप्तमीला शालूबाईंच्या घराच्या पत्र्यावर खीर-वड्यांचं पान ठेवलं. कावळे आले. रांगेत बसले.

एकानंही चोच लावली नाही.

मग कावकाव थांबली. शेजारची गिरणी चालू होती, तिचाही आवाज येईना...

आणि पत्र्यावरून शब्द आले. ओळखीचे, दमलेले.

"उजाडलं का?"

डोक्यावर ऊन रणरणत होतं.

उकंडराव शालूबाईंकडे वळले. "वैनी, तुमी खोटं बोलल्या म्हणून दादा अडकून राहिला. माफी मागा त्याची."

शालूबाईंच्या अंगावर काटा आला होता. पण त्याहून जास्त राग आला होता.

"काहून मागू? मरत्या माणसाला अंधारात धाडू का? मी उजाडलं म्हणलं, तवा त्यांचं उजाडलं. घास उद्या."

शिडीवर चढून त्यांनी स्वतः पान खाली आणलं.

अष्टमीला पान टेकायच्या आत कावळ्यांनी झडप घातली. शालूबाई पदरात तोंड घालून रडल्या. सुटला माणूस.

इथं सगळं संपायला हवं होतं.

पण महिनाभरापूर्वी उकंडराव शालूबाईंच्या दारात आले. पार वाळलेले.

"वैनी, आता माझ्या पत्र्यावरून विचारून राहिला. रोज, दुपारी."

"मग सांगा की, उजाडलं."

"सांगतो ना. तर म्हणतो... मग मला काहून दिसून न्हाई राहिलं?"

शालूबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या.

"मग ते आमचे न्हाईत, भाऊजी. त्यांनी माझं एका शब्दात ऐकलं होतं."

तेव्हापासून रोज दुपारी त्या दिराच्या अंगणात ठाण मांडून बसतात. कोण आहे ते बघायचंच, म्हणतात.

त्या बसल्या असल्या की काहीच होत नाही.

त्या उठून घराकडे वळल्या, की मग पत्रा वाजतो...