तीनदा दाबलेला ब्रेक

विश्वास ठेवा अशी गळ घालणार नाही. पण हे घडलं तेव्हा मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो, शुद्धीत होतो आणि प्यायलेलो नव्हतो. यातलं शेवटचं आमच्या गावात कोणी सहजासहजी मानत नाही, हे मला माहीत आहे.

मागच्या नोव्हेंबरातला शनिवार. दुपारचे साडेतीन. बैरूतच्या वरच्या डोंगरात माझं गॅरेज आहे, तिथे.

गाडी माझे मेहुणे वदीअ यांची. एकसष्ट सालची, पांढरी. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. उतारावर तापले की धड लागायचेच नाहीत. म्हणून वदीअ तीनदा झटपट दाबायचे, मग पाय रोवायचे.

ठक, ठक, ठक... आणि लांब.

डिस्क ब्रेकचा खोका त्यांनीच आणून माझ्या फळीवर ठेवला होता. चार महिने तो तिथेच. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे जातं. मेहुणा कुठे जाणार?

एकदा म्हणाले, "घत्तास, मी मेल्यावर बसवणार का?"

मी म्हणालो, "तेव्हा वेळच वेळ असेल."

दोघंही हसलो.

ऑगस्टमध्ये चर्चखालच्या वळणावर गाडी कठड्यावर आदळली. गाडी दुरुस्त झाली. वदीअ गेले.

आता त्यांची मुलगी सिहाम त्याच गाडीने, त्याच उतारावरून नोकरीला जाणार होती. सिहामची आई, माझी बहीण नजला आली आणि एवढंच म्हणाली, "दादा, आता तरी."

एका दिवसात डिस्क बसल्या. एका दिवसाचंच काम होतं.

राहिलं ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू सोडायचा. नजला आत बसली.

"दाब."

"धरलाय."

बाहेर जनरेटर धडधडत होता. तीन चाकं झाली.

मी चौथ्याखाली सरकलो, आणि जनरेटर बंद पडला...

"दाब."



ठक, ठक, ठक... आणि लांब.

 मी स्क्रू सोडला. बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल. आवळला.

"नजला, असं कशाला दाबतेस?"



मग गॅरेजच्या दारातून दोन पावलं आत आली. नजलाच्या चपला. कॉफीचे कप किणकिणत होते.

"आणखी कसं दाबू? मी तर आत्ता येतेय. सांगून गेले होते की, जनरेटरमुळे ऐकू आलं नसेल."

मी बाहेर सरकलो. सीट रिकामी होती. पेडल मात्र तळाशी गेलेलं...

"सोडा," माझ्या तोंडून निघालं.

ते हळूहळू वर आलं.

नजलाने कप खाली ठेवले. तिने मला काही विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

सोमवारी सिहाम आली. "मामा, ब्रेक झकास आहेत. फक्त चर्चखालच्या वळणावर मी पाय ठेवायच्या आधीच पेडल हलतं. तीनदा."

सगळं खोलून पाहिलं. कुठेही दोष नाही. ती रोज जाते, रोज तेच सांगते.

नवा ब्रेक एका दाबात लागतो. पण बसवलाय, हे वदीअंना कोण सांगणार? चार महिने टाळल्यावर माझ्या शब्दावर ते विश्वास ठेवायचे नाहीत.