शेजारची सीट

नवऱ्याची निळी गाडी घेऊन मी तलासहून देशाच्या सीमेकडे निघाले, तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. काम साधंच होतं. माझ्या नवऱ्याला, सागिनला, जाऊन नऊ दिवस झाले होते आणि पलीकडे ताराझला राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीला, कानिमेत एजेला, अजून काही कळलं नव्हतं. मरणाची बातमी आमच्यात फोनवर देत नाहीत. समोर बसून हळूहळू सांगतात. वडीलधारे जायला तयार होते, पण मीच जाते म्हणून मी हट्ट धरला.

हट्ट कसला, मन खात होतं मला. हृदय थकल्यापासून सागिनचं गाडी चालवणं बंद झालं होतं. महिनाभर त्याचं एकच चाललं होतं, "बुरुल, एकदा एजेकडे ने गं. पाय मोडून पडलीय ती, तिला येता येणार नाही." आईवेगळ्या सागिनला तिनंच वाढवलं होतं.

"राजमा झोडून होऊ दे," मी म्हणायचे. "एजे काय कुठे पळून चाललीय?"

राजमा झोडून होत आला आणि तो खळ्यातच, सालपटांच्या ढिगावर कोसळला.

सीमेवर दाट धुकं होतं. गाडी त्याच्या नावावर, माझ्याकडे त्यानं करून दिलेलं मुखत्यारपत्र. माणूस गेला की तो कागद संपतो, हे मला ठाऊक होतं. पण खरं बोलले असते तर तिथूनच मागे फिरावं लागलं असतं.

"मालक कुठायत?" शिपायानं विचारलं.

"घरी. बरं नाही त्यांना."

बोलून गेले, आणि गाडीत त्याच्या तंबाखूचा वास आला. तो जिभेखाली धरायचा, त्या ओल्या हिरव्या तंबाखूचा.

शिपाई वाकून माझ्या पलीकडे बघत होता. "काका, उतरा. गाडीत फक्त चालक. बाकीच्यांनी पायी जायचं, माहीत नाही का?"

"मी... एकटीच आहे."

"थट्टा करता काय बाई? मागे रांग बघा केवढी!"

शेजारच्या सीटवर सागिनची पांढरी टोपी होती, दुसरं काही नाही. दार बंद होतं. तरी ते उघडल्याचा आवाज आला... आणि लागल्याचाही.

"सावकाश, काका," शिपाई म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "जा. पलीकडे थांबा त्यांच्यासाठी."

पलीकडे सगळे आपापल्या माणसांसाठी थांबले होते. बोचकी घेतलेल्या बायका धुक्यातून एकेक करून बाहेर येत होत्या. त्यांच्या मागून कुणीतरी पाय ओढत येत होतं. ती चाल मी ओळखत होते. थांबायला हवं होतं मी, माझाच नवरा होता तो. पण मी गाडी दामटली, शेजारी पाहिलंसुद्धा नाही.

अर्ध्या तासात घर आलं. एजे काठी टेकत दारात उभी होती.

"एजे... सागिन..." मला रडूच फुटलं.

"शू... हळू बोल." तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं. "आत्ताच डोळा लागलाय. एवढा पायी आला गं... तू थांबली नाहीस म्हणाला."

मी दार ढकललं. अंथरुणात कुणी नव्हतं. हात लावला, तर ऊबदार होतं. उशीवर पांढरी टोपी होती, आणि टोपीला राजम्याचं सालपट चिकटलेलं.

"झोपू दे," एजे मागून कुजबुजली. "उद्या घेऊन जा त्याला. आणि या वेळी... थांब हं."