बंगल्यावरचा हादगा

आमचे वडील, अण्णा, जंगलखात्यात होते. त्यांना सागाच्या रोपवनाची पाहणी करायला धरणाकाठच्या बंगल्यावर एक मुक्काम करायचा होता. आम्हाला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी मला आणि पुष्पीला बरोबर घेतलं. एवढंच. नगरच्या स्टँडवरून एस.टी. सुटली तेव्हा सात वर्षांची पुष्पी खिडकीशी बसून शेजारच्या बाईंना सांगत होती, "आम्ही आईच्या गावाला चाललो."

आईचं माहेर तिथं होतं हे खरं, पण पाण्याखाली. धरण बांधलं तेव्हा गाव उठलं आणि माणसं चहूकडे पांगली. आई तेव्हा माझ्याएवढी, चौदा वर्षांची असेल. त्या गावाबद्दल ती फारसं बोलायची नाही. गेल्या माघात आईही गेली.

हस्त नक्षत्र लागलं होतं. दरवर्षी या दिवसांत आमच्या तोफखान्यातल्या गल्लीत रोज एकीच्या अंगणात हादगा असायचा. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. डबा झाकलेला असतो. मुली विचारतात, गोड की तिखट, ओली की कोरडी. मला पुष्कळदा मनातल्या मनात ओळखू यायची, पण एवढ्या जणींत तोंड उघडायचा धीर व्हायचा नाही. आमच्याकडचा दिवस असला की आई पदराखाली डबा धरून उंबऱ्यात उभी राहायची. तिची खिरापत ओळखता ओळखता मुली रडकुंडीला यायच्या आणि ती नुसती डोळ्यांनी हसायची. मात्र ती स्वतः कधी फेरात आली नाही. शेजारणी हात धरून ओढायच्या तरी नाही. "माझं खेळून झालंय," एवढंच म्हणायची.

या वर्षी आमच्याकडे कधी, असं कुणी विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

बंगला जंगलाच्या आत, अगदी पाण्याच्या कडेला होता. दगडी जोतं, त्यावर लाकडी फळ्यांच्या भिंती, कौलांवर शेवाळ वाळून काळं पडलेलं. व्हरांड्यातून दगडी पायऱ्या एरवी खाली पाण्यात उतरायच्या. पण ते बहात्तर साल होतं, पाऊस आलाच नव्हता. पाणी पार मागे सरकलं होतं आणि पायऱ्या संपल्यावर नुसता भेगाळलेला गाळ दिसत होता. त्यापलीकडे उन्हात काही चौकोन उमटले होते. घरांची जोती होती ती. आमच्या आईचं कुठलं, ते मला ठाऊक नव्हतं.

बंगल्याचा चौकीदार पुंजाराम अण्णांना घेऊन रोपवनाकडे गेला. आमच्याजवळ त्याची बायको गोजरबाई राहिली. उंच, काळीसावळी, मोठ्या आवाजाची. दुपारभर तिनं आम्हाला हसवलं.

"काय गं मुक्ते, बोलत का न्हाईस? बोलायला सरकार टॅक्स लावतंय व्हय?" मग पुष्पीकडं बघून, "आन् ही धाकली! ही तुज्या वाटचंबी बोलती."

"मावशी, तुम्ही आमच्या आईला पाहिलं होतं?" पुष्पीनं विचारलं.

"पाह्यलं म्हंजे? आमी एका गावच्या. तुजी आय लई हसरी. आन् लबाड! कैऱ्या तिनं पाडायच्या आन् मार आमी खायाचा."

आईनं कैऱ्या पाडल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. मी ते दुपारभर मनात घोळवत राहिले. आपल्या माणसाविषयी अशी एखादी नवी गोष्ट कळली की वाटतं, ते माणूस अजून पुरतं संपलेलं नाही.

उन्हं कलली तशी गोजरबाई सरपणाला गेली. जाताना तिनं एक पुडी दिली. "ही सुकडी. रस्त्याच्या दुष्काळी कामावर कालपासून वाटाया लागलेत. भूक लागली तर खावा." भाजलेल्या पिठाची, गूळ घातलेली, पिवळसर, कोरडी, भुगा होणारी वडी होती. आम्ही नगरात तोवर ती पाहिलीही नव्हती.

पुष्पी कंटाळली होती. "ताई, आपला हादगा करू ना. आपल्या दोघींचाच." तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मी पाट शोधून आणला. अण्णांच्या खडूनं त्यावर हत्ती काढला, सोंड वर केलेला, जसा आई काढायची. पाट व्हरांड्यात ठेवून आम्ही दोघींनीच हात धरून फेर धरला. दोघींचा फेर कसला, नुसती गिरकी. पण गाणी म्हणताना फार बरं वाटलं. पाण्यावरून आमचाच आवाज परत यायचा आणि वाटायचं, आणखी मुली म्हणताहेत.

तेवढ्यात गोजरबाई आली. तिच्या डोक्यावरची मोळी खाली पडली.

"कुनी मांडला ह्यो हत्ती?"

मी पुसायला ओणवी झाले तशी तिनं माझं मनगट धरलं. "आता पुसू नगं. मांडला म्हंजे बोलावनं झालं. खिरापत वाटल्याबिगर हालवायचा न्हाई."

"कुणाला बोलावणं?"

तिनं पाण्याकडे पाहिलं. दिवस बुडत होता. जोती आता दिसत नव्हती. गोजरबाईचा मोठा आवाज एकदम इतका बारीक झाला, की मला पुढं सरकावं लागलं.

"गाव उठलं त्या साली पानी चढत हुतं. पोरींनी हट्ट धरला, शेवटचा हादगा गावातच खेळू. होडीनं गेल्या. हत्ती मांडला, फेर धरला... खिरापत वाटायची ऱ्हायली. येताना होडी उलटली, काठावरच्यांनी पाह्यलं. एकबी न्हाई आली माघारी. मी माज्या मामाकडं गेल्ते. आन् तुजी आय तापानं पडली हुती, म्हनून ऱ्हायली. तवापास्नं हितं कुनी हादगा मांडत न्हाई."

पुष्पी माझ्या परकराला चिकटली.

"घाबरू नगा. जुन्या बाया सांगायच्या, त्या येतील, खिरापत ओळखू बघतील. न्हाई ओळखता आली, तर हात पसरून घेतील आन् जातील."

"आणि ओळखली तर?"

"तर त्यांची जीत. आन् जिंकल्यावर त्या खेळगडी मागत्यात." तिनं पुष्पीकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "ल्हान असंल ती. पन खरं ते सांगायचं हां. गोड तर गोड. खोटं बोललीस तरी हारलीस."

"मावशी, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. मला... मला नाही जमायचं."

"हत्ती ज्यानं मांडला त्यानंच बोलायचं, पोरी."

खिरापत म्हणून आमच्याकडे काय होतं? गोजरबाईच्या घरात गूळ आणि शेंगदाणे होते. ते कुणीही ओळखलं असतं. लाडू, करंजी, साखरखोबरं, हे तर त्यांच्याही वेळचं. मी हातातल्या पुडीकडे पाहिलं. सुकडी या वर्षीची होती. मी ती अण्णांच्या डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा ओढणीखाली धरून दारात उभी राहिले. पुष्पीला मागं घेतलं. गोजरबाईनं कंदील बारीक केला आणि ती भिंतीला टेकून बसली.

आधी वास आला. ओल्या गाळाचा. दिवसभर कोरडा ठणठणीत असलेला तो गाळ आता पाऊस पडून गेल्यासारखा वास मारत होता. मग टिटव्या ओरडल्या आणि एकदम थांबल्या. मग गाणं. खालून, लांबून, आमचंच गाणं, पण एक कडवं जास्तीचं. ते मी नगरात कधी ऐकलं नव्हतं. आवाज गोड होते, हे मला सांगितलंच पाहिजे. आमच्या गल्लीतल्या मुलींसारखेच. एक जण चाल चुकत होती आणि बाकीच्या तिला हसत होत्या.

गाणं पायऱ्यांपाशी थांबलं. कंदिलाचा उजेड वरच्या दोन पायऱ्यांपर्यंतच पोचत होता. त्याखाली काळोख, आणि त्यात कुजबूज.

"गोड की तिखट?"

पुष्पीनं मागून माझा परकर ओढला.

"गोड," मी म्हटलं.

खालच्या पायरीवर ओलं पाऊल पडल्यासारखं वाजलं.

"ओली की कोरडी?"

"कोरडी."

आणखी एक पायरी.

"लाडू!" "नाही." "करंजी गं, करंजी!" "नाही." "साखरखोबरं!" "नाही..." "शेंगदाण्याची वडी!" "नाही."

"हिची आई करायची तसलं काहीतरी असंल," एक जण म्हणाली आणि सगळ्या खुदखुदल्या. वरून दुसऱ्या पायरीचा दगड आता ओला दिसत होता, आणि ओल वर सरकत होती.

"भाजून केलीय का?" "हो." "पिठाची?" "हो." "गूळ घातलाय?" "हो..."

कुजबूज थांबली. मग अगदी जवळून एक बारीक, आनंदलेला आवाज आला.

"कळलं! मला कळलं! सु..."

पुष्पीची बोटं माझ्या कमरेत रुतली.

"...सुंठवडा!"

"नाही," मी म्हटलं. मला वाटतं, मी ओरडलेच.

मग रुसल्यासारखं, लांबवून, सगळ्या एकदम म्हणाल्या, "हरलो..."

आणि वरच्या पायरीवर, कंदिलाच्या उजेडात, हात आले. नुसते हात. लहान, ओले, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तसे सुरकुतलेल्या बोटांचे. मी डब्यातून चिमूट चिमूट सुकडी त्यांवर ठेवत गेले. थंडगार होते. घेतलं की हात मागं सरकायचा. मला भीती वाटत होती, पण आता लिहिताना आठवतं ते त्यांचं अदबीनं पसरणं. किती वर्षं थांबल्या होत्या त्या एका चिमटीसाठी.

शेवटचा हात मोठा होता. बाईमाणसाचा. तो कोरडा होता, आणि उबदार. मी त्यावर सुकडी ठेवली. तो लगेच मागं गेला नाही. जरासा थांबला.

"उद्या कुणाकडं गं?" खालून एका मुलीनं विचारलं.

"उद्या माझ्याकडे," तो हात होता तिथून कुणीतरी म्हणालं. हळू, जवळच्या माणसाशी बोलावं तसं.

मग काही नाही. पायऱ्यांवर ओल होती आणि डबा रिकामा होता. गोजरबाई भिंतीला टेकून रडत होती. पुष्पी मागून पुढं आली आणि पाण्याकडे पाहत म्हणाली, "ताई, आईला थोडी जास्त द्यायला हवी होती."

अण्णा परतले तेव्हा आम्ही जेवून अंथरुणात होतो. त्यांना काय सांगायचं, ते मला समजलं नाही. सकाळी निघताना गोजरबाईनं मला बाजूला घेतलं. रात्रीतून तिचं तोंड सुकलं होतं.

"मुक्ते, तिचा दिस आज हाय. ती खिरापत करनार. वास आला, काय बी झालं, तरी त्या खिरापतीचं नाव घेऊ नगा. नाव घेतलं का ती खावी लागती, आन् खाल्ली का तुमी बी त्यांच्यातल्याच. धाकलीला सांभाळ."

"ती आमची आई आहे, मावशी."

"म्हनूनच सांगती," ती म्हणाली.

नगरला पोचायला दुपार कलली. अण्णा हातपाय धुऊन अंगणात खाट टाकून पडले आणि लगेच त्यांना झोप लागली. तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावला. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. चूल विझलेली होती; मीच पाहिली होती, घरात शिरल्याबरोबर. राखही गार होती.

पुष्पी माझ्या मांडीवर बसली होती. तिनं नवा परकर घातला होता आणि वेणीची रिबन स्वतःच बांधली होती, वाकडीतिकडी. मी तिला घाल म्हटलं नव्हतं.

दाराआड पाटावर विळी ठेवल्याचा आवाज झाला. मग काहीतरी किसलं जाऊ लागलं, सावकाश, सरावाच्या हातानं. मग तूप कढत ठेवल्याचा वास आला, आणि त्यात काहीतरी पडल्यावर तो वास बदलला. आमच्या घरात तो वास माघापासून आला नव्हता. मला उठून दार उघडावंसं वाटलं. इतकं वाटलं, की मी खाली फरशीवर दोन्ही टाचा घट्ट दाबून धरल्या.

किसणं थांबलं. डब्यावर झाकण बसलं. दाराच्या फटीशी पाऊल आलं.

"ओळखा बघू," आतून आवाज आला. त्यात हसू होतं.

पुष्पीचा चेहरा उजळला. तिनं तोंड उघडलं.

मी तिच्या तोंडावर हात दाबून धरला. ती हात झटकत होती, माझ्या तळव्याखाली तिचे ओठ त्या नावाची पहिली अक्षरं चाचपत होते, आणि मी दात आवळून बसले होते. कारण मलाही ओळखू आलं होतं. पहिल्याच वासाला.

ते नाव मी इथं लिहीत नाही.